हेच्यात आदी काय व्हता

कुडाळच्या दुकानदाराने काउंटरवर दोन बाटल्या मांडल्या,
एक हिरवी, एक नारिंगी,
आणि नारिंगीवर बोट टेकवून म्हणाला,
ही घ्या मॅडम, पाच वर्षं बघायला नको.

मी तेवीस वर्षं औषधं विकते, वेंगुर्ल्यात.
बाटलीवर बोट टेकवणारी माणसं मला ठाऊक आहेत.
मीही टेकवते कधीमधी, महिनाअखेरीला.
मी दोन्ही घेतल्या.

गाडी सत्त्याऐंशी सालची पद्मिनी,
रंग एके काळी मोतिया.
तारकर मास्तरांनी विकताना सांगितलं, गुणी आहे,
फक्त चढाला तिला राग येतो.
आंबोलीच्या घाटात तीनदा आला.
तिसऱ्यांदा बॉनेटखालून अशी वाफ
की माकडंसुद्धा कठडा सोडून लांब जाऊन बसली,
आणि मी पाण्याची बाटली धरून
झाकण उघडायची हिंमत गोळा करत
दीड तास.

इनास मेस्ताने बाटल्यांकडे बघितलंच नाही.
रेडिएटरच्या तोंडात बोट बुडवलं,
बोटाचा वास घेतला, पँटीला पुसलं.
"हेच्यात आदी काय व्हता?"

हा माझा प्रश्न.
दिवसाला तीसेक वेळा मी तो विचारते,
आधीची गोळी कुठली, बंद केली का, कोणी सांगितलं?
आणि लोक मान खाली घालून म्हणतात,
पांढरी होती. गोल होती.

मी मान खाली घातली. म्हटलं, विहिरीचं पाणी.
"मास्तरांच्या बावचा?"
हो.
"दर्याकडची बाव," एवढंच म्हणाला,
आणि खालची तोटी सोडली.

आधी आलं ते पाणी नव्हतंच.
जांभ्याची चिरेखाण धुतल्यासारखं काहीतरी,
तांबडं, दाट, तळाला पापुद्रे.
पाच बादल्या. सहावी चहाच्या रंगाची.
आठवी त्याने उन्हात धरली, हं म्हणाला,
आणि तरी नववी ओतली.

मग नारिंगी बाटली उचलून माझ्या हातात परत दिली.
"वायट नाय ता. पाच वर्सां टिकता, ता पन खरा.
पन कोनाच्या पोटात?"
नव्या गाड्यांची आतडी ॲल्युमिनियमची, प्लॅस्टिकची.
हिचा रेडिएटर पितळेचा, सांधे शिशाच्या डाकाचे, ब्लॉक बिडाचा.
नारिंगी त्या डाकाशी वाकडं वागेल,
आणि कधीकाळच्या हिरव्याशी आत कुठे गाठ पडलीच
तर दोघांचा मिळून खरवस,
बारक्या नळ्यांत बसलेला.

इथे बर्फ कुठे पडतो, मी विचारलं,
मग नुसतं शुद्ध पाणी का नको?
"बर्फासाठी नाय गो. गंजासाठी.
आनि घाटात उकळी उशिरान येवची म्हनान."
हिरवं मात्र दोन वर्षांनी बदलायचं.
"म्हंजे दोन वर्सांनी तू परत हंय येतलस."

निम्मं हिरवं, निम्मं बॅटरीचं पाणी.
मी मापाच्या ग्लासात ओतत होते, सवयीने,
रेघ डोळ्यांसमोर धरून.
तो हात थांबवून बघत राहिला.
दोन थेंब सांडले तर बसून फडक्याने पुसले, वर तांब्याभर पाणी मारलं.
गोड लागतं म्हणाला, मांजरं चाटतात.
त्याचं एक तसंच गेलं, मागल्या शिमग्यात.
लंगडं होतं. नाव क्लच.

शनिवारी आंबोली.
काटा मध्यावर आला, जरा थरथरला,
राहिला.
त्या वळणावर मी उगाचच गाडी बाजूला घेतली.
माकडं कठड्यावरच होती.

नारिंगी बाटली कुडाळवाल्याने परत घेतली नाही.
दुकानात आहे, सर्वांत वरच्या फळीवर,
जिथे पोरांचा हात पोचत नाही.
लेबलवर मी पेनाने लिहिलंय: नव्या गाडीसाठी.
कोणी मागितलीच तर देईन,
आधी विचारून.