मानेची खूण

किरमिटी मेंढ्यात पोचलो तेव्हा पटाच्या बैलजोड्या
अजून धापा टाकत होत्या.
रात्री दहाला नाटकाचा पडदा. दुपारी तीनला
मी गिटार काढली, कोमल गंधार ओढला,
आणि मान हलली.

थोडीशीच. दुधाचा दात हलतो तशी.
पातळ तार कडेवरून घसरून लोंबायला लागली.
ऑक्टोपॅडवाला शालिक म्हणाला, फेविक्विक टाक.
ऑर्गनवाल्या डोमाजी मास्तरांनी डोळे मिटले.
ते नेहमीच मिटतात.

अडकू दोनाडकरांच्या पडवीत
बंडीचं चाक आरे सुटून पडलं होतं.
त्यांनी गिटार पालथी धरली,
चार स्क्रूंची चकचकीत पट्टी अंगठ्यानं पुसली.
“म्हंजे हे एका लाकडाचं नोहे?”
नाही जी, दोन. मागून स्क्रू मारलेत.
“मंग काय,” ते म्हणाले,
आणि त्यांची भीती गेली. माझी नाही.

आधी पेन्सिल, कानामागची.
एक रेघ मानेवर, तिच्यासमोर एक धडावर.
“परत येतानी घर नाई चुकलं पाहिजे.”
तारा सैल केल्या. तीन स्क्रू कुरकुरत निघाले,
चौथा फिरत राहिला, फिरतच राहिला.
“हा नुसता फिरते. धरत नाई.”

मान सुटली. खोबणीत
घडी घातलेलं सिटी बसचं तिकीट,
भाडं सव्वा रुपया,
आणि कुणाची तरी जुनी रेघ, निळ्या शाईची,
आमच्या रेघेपासून सूतभर बाजूला.
सीताबर्डीचा दुकानदार म्हणाला होता,
एकदम कोरी आहे.
अडकूंनी तिकीट उन्हात धरलं.
“याच्याही वेळेस हालत होती.”
फेकलं नाही. होतं त्याच घडीत परत ठेवलं.

भोकात सागाची काडी,
चाकाच्या जुन्या आऱ्यातून सोललेली,
फेविकॉलात बुडवून.
“दोन घंटे. तवर चहा.”
मी सहा वेळा बोट लावून पाहिलं.
सहाव्यांदा हातावर चापट बसली.

मग गिरमिट, हळू, श्वासाएवढं.
स्क्रू साबणाच्या वडीवर घासले,
जीपच्या चाकाचे नट कसतात तसे
आडवे-तिरपे कसले,
आणि शेवटचा अर्धा आटा दिलाच नाही.
“आता जोर करशीन तं पुन्हा लाकूड खाशीन.”

वीस रुपये घेतले.
“आन त्या व्हिलनले सांग,
मागल्या साली लय वरडला.”

तिसरा अंक, रात्रीचे दोन.
थंडीनं तारा चढल्या होत्या, उतरवल्या.
कोमल गंधार ओढला. ओढून धरला.
गिटारच्या बाराव्या पडद्याशी अजून
किंचित झरझरतं. राहू दिलं.
नायिका रडत होती, अख्खा मांडव रडत होता,
आणि पहिल्या रांगेत, घरून आणलेल्या पोत्यावर
मांडी घालून, अडकू दोनाडकर
माझ्या डाव्या हाताकडे बघत होते.