कोरा रकाना

शोकसभेत कुणीतरी म्हणालं, निसर्गाचे पुजारी.
तळपदे सर, तुम्ही तिथे असतात तर
मागच्या रांगेतून नक्की खाकरला असतात.
तुमचे जोडलेले हात मी कधी पाहिले नाहीत,
पाहिले ते कोपरापर्यंत चिखलात गेलेले.

आज ओहोटी सहा बावन्नची होती.
गजर न लावताच जाग आली.
माहुलच्या धक्क्याशी रिफायनरीचा तोच दर्प,
तिवरांच्या मुळांत पिशव्या, एका बाहुलीचा पाय,
आणि दोरीनं आखलेला तो चौकोन,
मीटर बाय मीटर,
जिथं तुम्ही मला अकरा वर्षं उकिडवं बसवलंत.
गुडघे दुखतात म्हटलं की म्हणायचात,
"निवटीला बघ. तिला गुडघेच नाहीत, काही बोलते का?"

पेन नको, पेन्सिल. पेन पाण्याला फितूर होतं.
दगड उलटलास तर होता तसा ठेव,
खालचे भाडेकरू पागडीचे आहेत.

ओरडलात एकदाच.
पहिल्या वर्षी, जे दिसलं नाही
त्याचे रकाने मी कोरे सोडले होते.
"कोरं म्हणजे तू पाहिलंच नाहीस.
शून्य म्हणजे पाहिलंस, आणि नव्हतं.
या दोहोंच्या मध्ये आख्खी खाडी मावते, बाई."

तुमच्या सूनबाईंचा फोन आला होता,
सदतीस वह्या आहेत, कुठे देऊ?
टॅक्सीतून आणल्या, काही मांडीवर घेऊन.
शेवटच्या वहीत अक्षर ओळीखाली घसरलेलं:
डायलिसिस, खिडकीजवळची खाट, दुपारी तीन ते चार.
घार एक. कावळे चार.
खार शून्य.

पोशीबाई कालवं फोडता फोडता थांबली.
"तुजा म्हातारा नाय आला?"
मी मान हलवली.
तिनं कोयतीचं टोक पाण्यात खळबळवलं,
पुन्हा दगडाला भिडली,
आणि बऱ्याच वेळानं, माझ्याकडे न बघता,
"त्याला नावां मीच शिकवलेली. सगली."

चौकोनात आज: निवटी नऊ.
लाल नांगीचे खेकडे चोवीस,
पंचविसावा दोरीवरच बसून राहिला,
आत की बाहेर, तुम्हाला विचारायचं होतं.

पाणी घोट्याला लागलं.
निरीक्षकांसाठी कागदावर दोन ओळी असतात.
पहिलीवर माझं नाव.
दुसरी
बराच वेळ मी कोरी ठेवली, सर.

मग पेन्सिलीला टोक केलं.