परिच्छेद एकसष्ट

लिलोंग्वेवर तीन दिवस चिपेरोनीची भुरभुर,
आणि समितीच्या खोलीत हीटर एकच,
तोही सचिवांच्या बाजूला.
मी अध्यक्षांच्या मागे, भिंतीलगतच्या खुर्चीवर,
लेखापरीक्षा कार्यालयाचा माणूस.
विचारलं तर चिठ्ठी पुढे सरकवायची,
नाही विचारलं तर गप्प.

परिच्छेद एकसष्ट, पान चव्वेचाळीस.
एझेलिना चिंबालांगा चष्मा नाकावर ढकलतात.
"रुग्णवाहिका, एमजी चारशे सतरा.
गेल्या वर्षी जून ते ऑगस्ट,
डिझेल अकराशे चाळीस लिटर.
कुठे कुठे गेली होती ही गाडी, सचिवसाहेब?"

वायसन म्कोची. आरोग्य खात्यात एकवीस वर्षं मुरलेले.
समोर सात फायली, सातही बंद.
"वाहन सेवेत आहे, मॅडम.
सेवेत असणं आणि धावणं
या आमच्याकडे दोन वेगळ्या नोंदी आहेत."
कुणीतरी हसलं.
ते हसू कामकाजाच्या वृत्तांतात येणार नाही.

मी पाहिलीय ती गाडी.
शिरे नदीकाठच्या रुग्णालयामागे, आंब्याखाली,
विटांच्या चार चवडींवर उभी.
छतावरचा निळा दिवा तेवढा शाबूत.
बॉनेट उचललं, तर इंजिनाच्या जागी
वाळलं गवत, आणि गवतावर
एक तांबडी कोंबडी, अशी बघत
की जणू मीच परवानगीवाचून आत शिरलोय.

मोजणं हे माझं काम. मोजलं.
विटा चोवीस. चाकं शून्य.
डिझेलच्या पावत्या एकोणीस,
सगळ्या एका हाताच्या, एका शाईच्या,
त्यातली एक एकतीस जूनची.

फालेसी गोमानी, प्रसूतिकक्षाची नर्स,
हात पुसत बाहेर आली, वही दिली.
सरकारी नव्हे. शाळकरी, मागे पाढे छापलेली.
कोण बाई, कुठल्या गावची,
कुणाच्या सायकलवर बसून आली, किती वाजता.
शेवटच्या रकान्याला नाव नव्हतं.
कुठे बरोबरची खूण,
कुठे नुसती आडवी रेघ.
रेघा मी मोजल्या नाहीत.
खोटं कशाला बोलू, मोजल्या.
अहवालात घातल्या नाहीत,
शाळकरी वही पुरावा धरत नाहीत.

दुपारी तिनं न्सिमा वाढली, पालेभाजी,
आणि एक उकडलेलं अंडं.
"हे कुठलं?"
"खात्याचं," ती म्हणाली,
"त्या गाडीतनं एवढंच बाहेर येतं."
खाल्लं मी. भूक लागली होती. मीठ कमी होतं.

आणि आता म्कोची सातवी फाईल उघडतात,
फक्त सातवी.
"मॅडम, लेखापरीक्षकांच्या निःपक्षपातीपणाविषयी
आमच्याकडे एक टिपण आलं आहे.
भेटीच्या दिवशी त्यांनी रुग्णालयाचा पाहुणचार घेतला.
तपशील: अंडे, नग एक."

खोलीत सगळे माझ्याकडे वळले.
अकराशे चाळीस लिटर ज्यांना सापडत नाही
त्यांना एक अंडं सापडलं,
तारखेसकट, वेळेसकट,
कळवणाऱ्याचं नाव पांढऱ्या पट्टीनं झाकून.
माझ्या मनात पहिलं आलं ते इतकंच:
फालेसीची बदली होणार.
दूर, उत्तरेला कुठेतरी,
जिथे सायकलसुद्धा चढत नाही.

चिंबालांगा चष्मा काढतात, पुसतात,
पुन्हा घालत नाहीत.
"खरं आहे हे?"
"खरं आहे, मॅडम. एक."
"कुणी दिलं, ते मी विचारत नाही.
आलं कुठून, तेवढं सांगा.
उभे राहा. माइकवर बोला."

म्कोची फाईल मिटतात, पण अंमळ उशिरा.
हीटर टकटकतो.
मी बटण दाबतो, लाल दिवा लागतो.
डाव्या खिशात एक चिठ्ठी आहे,
वर्षभर कोट बदलला तरी
या खिशातून त्या खिशात जाणारी.
तिच्यावर एकच आकडा,
अंड्याचा नव्हे.