इतर

फॉर्मवर रकाने पाच : मोटार, ट्रक,
ट्रॅक्टर, सायकल आणि इतर.
सकाळी सहा ते संध्याकाळी सहा
तिसा नदीच्या बांधापासून कोसभर आत
घडीची खुर्ची टाकून बसली आहे एतेल्का बोदोनी,
निवृत्त पोस्टवाली, वय एकोणसत्तर.
मांडीवर फॉर्म, पायाशी थर्मास,
पेन्सिल दोरीनं गळ्यात बांधलेली,
कारण वारा.

जिल्ह्याला निवांत रस्ते हवेत.
नकाशावर हिरव्या रेघेनं दाखवायचे,
म्हणजे लांबलांबचे लोक सायकली घेऊन येतील.
दिवसाला पन्नासच्या आत वाहनं, ही अट.
"नुसतं बसून मोजायचं," कार्यालयातला मार्सेल म्हणाला,
"त्यात काय अवघड?"

सहा चाळीस. पावाची गाडी.
हॉर्न नाही. वाजवणार कुणासाठी?
सात पाच. वेंदेलचा ट्रॅक्टर.
त्यानं हात वर केला, तिनं रेघ ओढली.
मग पाऊण तास काही नाही.
काही नाही म्हणजे एक ससा,
रस्ता ओलांडताना मध्यावर थांबला,
कुठं निघालो होतो ते विसरल्यासारखा.
इतर : एक.

इथं चढ नाही, उतार नाही.
पाण्यालासुद्धा कळत नाही कुठं जावं,
म्हणून माणसांनी कालवे खणून त्याला हाताला धरून नेलं.
चढ म्हणाल तर वारा.
सत्तावीस वर्षं तो चढली ती,
थैली हँडलला, मान खाली.
येताना उतार मिळेल म्हणावं,
तर तोवर हा लबाड दिशा बदलून समोर हजर.

तेव्हा या रस्त्यावर एकवीस पेट्या होत्या.
झिगमोंदची पेन्शन, दर महिन्याच्या सातला,
तो फाटकात दाढी करून उभा.
बोग्लार्काला कॅनडाहून पाकिटं,
मग नुसती कार्डं,
मग नाताळचं एक.
शाळेच्या नोटिसा. मग शाळा बंद झाल्याची नोटीस,
तीही हिनंच वाटली, घरोघर, सही घेऊन.
आता पेट्या तीन. एकीत रामगंगा पक्ष्याचं घरटं.

निवांत.
आलुबुखाराच्या बीसारखा तिनं तो शब्द
या गालातून त्या गालात घोळवला.
रस्ता काही आपोआप निवांत होत नाही.
त्यासाठी एकेक घर उठून जावं लागतं.

बाराच्या सुमाराला दोघं आली, लिंझहून निघालेली,
उन्हानं नाकं सोललेली, बाटल्या रिकाम्या.
"काय सुंदर!" मुलगी म्हणाली, हात पसरून,
"चिटपाखरूही नाही!"
चिटपाखरं होती की. टिटव्या,
विजेच्या खांबावर करकोचा, त्याची बायको.
एतेल्का काही बोलली नाही.
तिनं पंप दाखवला, तिसऱ्या बाभळीमागं.
"पाच वेळा रिकामा मारा. सहाव्याला येतं पाणी."
आलं. सहाव्यालाच.
ती दोघं गेली, वारा पाठीशी घेऊन,
आपल्याच पायांत जोर आहे अशा समजुतीत.
येतानाचं तिनं सांगितलं नाही.
सायकल : दोन.

चारनंतर पॉप्लरच्या सावल्या रस्ता ओलांडू लागल्या,
एकामागून एक, अगदी सावकाश.
त्यांना रकाना नव्हता.

एकूण चौदा. मार्सेल खूश होईल.
पाच अठ्ठावन्नला तिनं खुर्ची मिटली, कॅरिअरला आवळली,
सायकलवर टांग टाकली, आणि थांबली.
अजून दोन मिनिटं होती.
फॉर्म पुन्हा काढला, हँडलवर धरला.
सायकल : तीन.
एकूण पंधरा, असं खोडून नीट लिहिलं.

वारा समोरून. अर्थातच.
"आलास?" ती म्हणाली, आणि मान खाली घातली.
सातव्या फाटकापाशी
हात आपसूक ब्रेकवर गेला.
तिथं फाटक नाही.
मका आहे.