एकोणिसातली एक

फॉर्म विचारतो, ही विद्यार्थिनी
वरच्या एक टक्क्यात, पाच टक्क्यांत, की दहा?
माझ्या वर्गात एकोणीस मुलं.
फळ्यावरच भागाकार केला, खडूनं :
एक मूल म्हणजे सव्वापाच टक्के.
एक टक्का म्हणजे बुरुलचा पाचवा हिस्सा,
कोपरापासून एक हात, आणि वेणी.

बालिक्चीत जानेवारी.
आमचं सरोवर खारं, गोठत नाही,
काठाला तेवढी बर्फाची साय धरते.
तिचा बाप मार्शरुत्का उभी करून आला,
टोपी गुडघ्यावर ठेवून स्वयंपाकघरात बसला.
रकाना होता : कुटुंबाची मालमत्ता, डॉलरमध्ये.
"मेंढ्या एकतीस. भाव कुठला लावू,
शरदातला की आत्ताचा? आत्ता वाळल्यात."
आत्ताचा लावा, म्हटलं.
तो बोटं मोजत राहिला.
"बारा गाभण आहेत, एजे.
त्या बारा धरू, की चोवीस?"

मग हळूच, चहात बघत :
"फक्त मुलींचंच कॉलेज ना?
म्हणजे कुंपण उंच असेल."
मी माहितीपत्रकातला फोटो पुढे केला.
कुंपण नव्हतंच.
हिरवळीवर पालथ्या पडून वाचणाऱ्या मुली,
एकीचे दोन मोजे दोन रंगांचे.
बराच वेळ बघत होता.
"थंडी वाजेल तिला," म्हणाला,
आणि सही केली, जिथे करायची नव्हती तिथेही.

'महिला महाविद्यालयच का?'
या प्रश्नाला तिनं आधी मोठमोठे शब्द लावले होते,
नेतृत्व, सक्षमीकरण,
सगळे माझ्याच शब्दकोशातले, पान दुमडलेले.
मी म्हटलं, खोड.
दुसऱ्या दिवशी चारच ओळी आणल्या :
आमच्या शाळेत सूक्ष्मदर्शक एक आहे.
मुलगे आधी बघतात, मग आम्ही.
माझी पाळी येते तेव्हा काच कुणाच्या तरी डोळ्यानं
आधीच कोमट झालेली असते.
मला एकदा ती थंड असताना बघायचंय.

यात मी पदरचं काही घातलं नाही.
एक स्पेलिंग तेवढं सुधारलं. तेही, आता वाटतं,
राहू द्यायला हवं होतं.

पुढचा रकाना माझा. अध्यापनाची वर्षं : चौतीस.
याआधी किती जणींची शिफारस केलीत?
शून्याची कळ दाबायला इतका वेळ लागेल
असं वाटलं नव्हतं.
ब्याण्णव साली नाझिक होती,
व्याकरणात माझ्याहून काकणभर सरसच.
तेव्हा असा कागद कुठून मागवायचा
मलाच ठाऊक नव्हतं.
मीही तोवर एकाही इंग्रजाशी बोलले नव्हते.
आता स्टेशनाबाहेर ती धुरावलेले मासे विकते,
उन्हाळ्यात परदेशी पाहुण्यांशी घासाघीस करते,
आणि पूर्ण वर्तमानकाळ तिचा
अजून एकदाही चुकत नाही.
मला बघितलं की मासा जास्तीचा बांधते.
मी पैसे देते, ती घेत नाही.

टक्क्यांच्या यादीत शेवटचा पर्याय होता :
माझ्या कारकिर्दीतल्या मोजक्यांपैकी.
मोजक्या. अनेकवचन.
तिथे खूण केली.

तिकडची पंधरा तारीख मध्यरात्री संपते
तेव्हा इथे सोळाचे सकाळचे अकरा वाजलेले असतात.
शिक्षकखोलीतला कॉम्प्युटर नऊला सुरू केला,
साडेनऊला वीज गेली,
दहा-वीसला आली.
मुख्याध्यापकांचा छाप असलेला कागद, गुणपत्रिका,
मेंढ्यांचा तक्ता (बारा, चोवीस नव्हे),
माझं पत्र, एक पान.
एक निळी पट्टी सरकत सरकत
कडेला जाऊन थांबली.

तिसऱ्या तासाला बुरुल मागच्या बाकावर,
हात हीटरच्या नळीला लावून.
फळ्यावर कालचा भागाकार तसाच.
"एजे, गेलं?"
गेलं.
तिनं घड्याळाकडे पाहिलं. पावणेअकरा.
"तिकडे अजून कालच आहे ना?"
हो. अजून पंधरा मिनिटं.
"म्हणजे मी अजून नको म्हणू शकते?"
शकतेस.
तिनं नळीवरचे हात काढले, एकमेकांवर चोळले,
पुस्तक उघडलं.
"पान कितवं?"