रांजण धुणारा

सप्टेंबर लागला की मला बोलावणी येतात.
काखेतीच्या या टोकाला
वाइनच्या रांजणात उतरून
तळापर्यंत धुणारा आता मी एकटाच.
गळ्यापर्यंत मातीत पुरलेले रांजण,
त्यांच्या तोंडातून शिडीने खाली जायचं:
चेरीच्या सालीचा कुंचा, चुन्याचं पाणी, एक दिवा.

आज ग्वारामचा रांजण.

ग्वाराम म्हणजे तोच,
सामूहिक शेती मोडली त्या वर्षी
वाटपाची वही धरून बसलेला कारकून.
एका रात्रीत आमची हद्द
सतरा ओळी अलीकडे सरकली.
माझ्या बापाच्या हातचे वेल
सकाळी त्याचे झाले, शिक्क्यासकट.
तक्रार घेऊन तेलावीला गेलो,
तर साहेबाच्या टेबलावर
ग्वारामच्याच वाइनचा बुधला.

त्याला काही झालं नाही.
हे मुद्दाम सांगतो, कारण गोष्टींत नेहमी काहीतरी होतं.
पोरी चांगल्या घरी पडल्या. गुडघे शाबूत.
गेल्या जूनमधली गारपीट
माझे वेल झोडपत झोडपत
त्याच्या कुंपणाशी येऊन थांबली,
जशी काही जुनी ओळख होती.
माझी पिरुझा गेली त्या हिवाळ्यात
त्याने घरावर नवा पत्रा घातला.
तिला पुरून परतताना
तो पत्रा सारखा डोळ्यांवर येत होता.
त्या दिवशी मी देवाशी बोललो नाही.
पुढचे चाळीस दिवसही नाही.

लोक म्हणतात, पापाचा घडा भरतो.
मी घड्याच्या आत उभा आहे, बाबांनो.
इथे काही साचत नाही.
जे साचतं ते दरसाल मीच खरवडून काढतो,
चाळीस लारी आणि दुपारचं जेवण.

खाली आवाज मोठा होतो.
खोकलो तरी
कोणी थोर माणूस खोकल्यासारखं वाटतं.
रांजणाच्या खांद्याखाली, तळहाताएवढ्या जागेत,
मागच्या सालचा गाळ चिकटून होता,
काळा, आंबट.
वरून कोणाला दिसला नसता.
तेवढा राहू दिला
की ईस्टरपर्यंत सगळ्याचं व्हिनेगर.
कुंचा थांबला.
मनात आलं, यासाठीच त्याने मला इथे उतरवलं असेल.
त्याने म्हणजे वरच्याने.

म्हणून वर पाहिलं.
रांजणाच्या तोंडाएवढं आभाळ,
त्यात वाकलेला ग्वारामचा नातू, तेदो,
पुढचे दोन दात पडलेला:
"शिओ आजोबा, तुम्हाला खाली भीती नाही वाटत?"

"वाटते," म्हणालो.
आणि घासलं.

शेवटचं पाणी ओंजळीत घेऊन प्यायलो.
रीतच आहे. धुणाऱ्याला जे पिववत नाही
ते धुतलेलं नव्हे.
पाण्याला कसलीच चव नव्हती.
फार शांत वाटलं, असंही नाही.
खांदा ठणकत होता.
ग्वारामने पैसे मोजून दिले, एक नोट फाटकी.

आता नोव्हेंबर.
गारपिटीतून वाचलेल्या द्राक्षांचा
माझा एक लहानसा रांजण भरला,
वर दगड ठेवला, कडेने ओली माती लिंपली.
बाप सांगायचा, मध्ये उघडून बघायचं नाही.
उतावळ्या हाताने वारा आत जातो.
लहानपणी मी मग जमिनीला कान लावून पडायचो,
आत कोणी तरी हळूहळू
स्वतःशी बोलत असायचं.

आज रात्री पुन्हा तसाच पडलोय,
एकोणसत्तर वर्षांचा, थंडीत, पालथा.
समोर ग्वारामच्या पत्र्यावर चांदणं.
देवा, तुझा दिवस मला कळत नाही.
दगड तू ठेवलास, माती तू लिंपलीस.
मी उघडत नाही.
पण कान लावून बसलोय,
एवढं तुला ठाऊक असू दे.