दीडपट वेळ

छत्तीस वर्षं मी थंडर बेच्या पोस्टात पत्रं लावली.
डॉक्टरांची अक्षरं, दारुड्यांची,
लढाईवरून परतलेल्या थरथरत्या हातांची,
आणि फिनलंडहून येणारी माझ्या मावशीची,
जिच्या हातून आकडे जागा बदलत.
घर एक्कावन्न, पाकिटावर पंधरा.
तरी पत्र पोचायचं.
आमच्यातलं कुणीतरी ते उलटसुलट करून म्हणायचं,
कॉर्पेलांचं दिसतंय, टाक तिकडे.

निवृत्त झाले आणि बेकरीच्या दारावर चिठ्ठी दिसली:
कॉलेजात परीक्षेसाठी लेखनिक हवेत.
तासाला अठरा डॉलर.

नियमांचं पान एकच.
विद्यार्थी सांगेल ते लिहायचं. सांगेल तेवढंच.
मान हलवायची नाही, भुवई उचलायची नाही.
उत्तर चुकलं
तर चुकीचं उत्तर सुवाच्य अक्षरात लिहायचं.

टॅनिस मीकिस, वय एकोणीस,
डिझेल मेकॅनिक, पहिलं वर्ष.
उत्तरेतल्या तिच्या गावाला रस्ता फक्त हिवाळ्यात असतो,
तळी गोठल्यावर.
आल्या आल्या तिने दाराच्या काचेवर कोट टांगला.
"बाहेरून दिसतं," एवढंच म्हणाली.
शाळेत कधीच तिच्यावर 'ढ'चा शिक्का बसलेला.
शिक्क्यांमधलं मला कळतं.
तिकिटावर तो मारतात
ते पुन्हा कुणी वापरू नये म्हणून.

मी प्रश्न वाचते. ती डोळे मिटते.
"पुन्हा."
मी वाचते.
"पुन्हा. पण घाई नको. शब्द एकमेकांच्या अंगावर पडतात."

मग ती बोलायला लागते
आणि खोलीत इंजिन येऊन उभं राहतं.
धूर काळा कधी, निळा कधी,
उणे चाळीसला इंधन कसं थिजतं,
मामाच्या ट्रकखाली पहाटे
निखाऱ्यांचं घमेलं किती आत सरकवायचं –
"हे लिहू नका. हे उत्तर नाही."
मी पेन उचलते.
मला विचाराल तर तेच उत्तर होतं.
पण मला विचारायचं नसतं.

नवव्या प्रश्नाला घोटाळा झाला.
तिचा हात हवेत बरोबर फिरत होता,
पिस्टन खाली, हवा आत,
आणि तोंडातून मात्र 'इनटेक'च्या जागी 'एक्झॉस्ट' निघालं.
पेनाला ठाऊक होतं.
आयुष्यभर मी पंधराचे एक्कावन्न केले,
कुणाला न विचारता,
त्यापायी एका रात्रीचीही झोप गेली नाही.

'एक्झॉस्ट' लिहिलं.
सुवाच्य.

अकरा वाजले. शेजारच्या हॉलमधून बाकीची पोरं सुटली,
बर्फाचे बूट आपटत.
कुणीतरी दारापाशी बोललं,
"मजा आहे बुवा, तिला बारापर्यंत देतात."
टॅनिस कोटाकडे बघत राहिली.
तो एक तास कसा असतो, हे त्याला कोण सांगणार?
दोन्ही हातांनी पाणी उपसावं
आणि बोटांतून गळत राहावं,
पुन्हा वाकावं.

अकरा सत्तावीसला ती म्हणाली,
"वाचून दाखवा. पहिल्यापासून. सगळं."
वाचून दाखवायला परवानगी आहे.
आवाज मात्र सपाट ठेवावा लागतो,
चुकीला आणि बरोबरला एकच.
सहावं, सातवं, आठवं.
नवव्याला मी श्वास घेतला, इतरांना घेतला तेवढाच.

"थांबा. काय म्हणाले मी?"
"एक्झॉस्ट."
ती हसली. त्या सकाळी पहिल्यांदा.
"म्हणजे गाडी उलटा श्वास घेणार. खोडा ते!"
मी एकच रेघ मारली, नियमाप्रमाणे,
खालचं दिसेल अशी.

निघताना तिने कागद उचलून दूर धरला.
"तुमचं अक्षर चांगलं आहे म्हणतात.
मला तर सगळ्या मुंग्याच."
मग कोट चढवत,
"गुरुवारी हायड्रॉलिक्स आहे. तुम्हीच या.
तुमच्या चेहऱ्यावर काही म्हणजे काही दिसत नाही."

मी बरं म्हटलं.
नवव्या प्रश्नापासून टेबलाखाली, बुटांच्या आत,
माझ्या पायांची दहाही बोटं आवळलेली होती,
हे तिला सांगितलं नाही.
बोटांबद्दल त्या पानावर काही लिहिलेलं नाही.